निघालो, दार उघडं ठेव

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. मीही हसलो होतो. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय, आणि यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

रात्रही नव्हती. सुट्टीची लख्ख दुपार होती.

दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथे सगळ्यांचं काम एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालतं, टेबलावर नुसता पडदा. सगळी माणसं एकदम कामाला बसली तर सर्व्हर तग धरेल का, हे बघायला दाजींना एक टूल बसवायचं होतं. ते टूल खोटी माणसं बनवतं. ती लॉगिन करतात, टाइप करतात, फाइली उघडतात. अगदी खऱ्यासारखी.

ऑफिस रिकामं. बाहेर एकटा वॉचमन.

टूल इन्स्टॉल झालं. मग त्याने दोन गोष्टी मागितल्या. खोट्या माणसासाठी एक नवं खातं, आणि नक्कल करायला खऱ्या माणसाच्या कामाचा नमुना.

दाजी एरवी कामाला वाघ. पण त्या दिवशी लेकीचा वाढदिवस होता, आणि उजेड असेपर्यंत घरी यायचं त्यांनी तिला कबूल केलं होतं. नवं खातं काढायचं तर वरून मंजुरी लागते. सुट्टीच्या दिवशी मंजुरी कोण देणार, कपाळ?

त्यांनी स्वतःचंच खातं दिलं. स्वतःचाच पासवर्ड.

नमुनाही स्वतःचाच. थोडं टाइप केलं, दोन फाइली उघडल्या आणि सवयीने ताईला रोजचा मेसेज लिहिला. 'निघालो. दार उघडं ठेव.' मग लक्षात आलं, अजून कुठे निघालोय? पाठवला नाही. खोडून टाकला.

टेस्ट सुरू झाली.

पडद्यावर दाजींचं टाइपिंग आपोआप उमटू लागलं. तोच वेग, तीच अडखळ, घाईत झालेली तीच चूक.

आणि मग... ती चूक दुरुस्त झाली.

नमुन्यात दाजींनी ती दुरुस्त केलेली नव्हती.

पाठोपाठ मेसेज उमटला. 'निघालो. दार उघडं ठेव.' तो खोडला गेला नाही. तो गेला.

दाजींनी टेस्ट थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'तुम्हाला परवानगी नाही.'

तेवढ्यात मागच्या टेबलावर... कीबोर्ड वाजायला लागला.

ते वळले. कोणीच नव्हतं. आवाजही थांबला.

मग एक खुर्ची मागे सरकली...

मग पावलं. उजवा बूट जरासा घासत.

दाजींचा उजवा बूट असाच घासतो.

पावलं दारापर्यंत गेली. कार्ड लावल्यावर वाजतं तसं वाजलं. दार मात्र हललं नाही.

दाजींनी मशीनची वायरच उपटली आणि दाराकडे धाव घेतली. कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल दिवा. मग दोन्ही हातांनी दार बडवलं.

वॉचमनने बाहेरून उघडलं आणि दाजींची कॉलरच धरली.

"कोण रे तू? आत कसा शिरलास?"

"अरे, वेड लागलंय का? मी आहे मी!"

"साहेब आत्ताच गेले. जाताना सांगून गेलेत, आत कोणी सापडला तर सोडू नकोस."

दाजी कसेबसे सुटले. रस्त्यावर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"हॅलो? कोण बोलतंय?" ताईच होती.

"अगं मी! ऐक, दार लाव आधी..."

मागून लेकीचा आवाज आला. "आई, बाबा आले!"

फोन कोणीतरी हातात घेतला. थोडा वेळ नुसता श्वास... आणि मग दाजींचाच आवाज.

"पुन्हा इथे फोन करायचा नाही."

ते घरी पोचले तेव्हा ताईने दार अर्धवट उघडलं. "कोण पाहिजे तुम्हाला?" लेक त्यांना बघून किंचाळली. दार तोंडावर आपटलं.

हे सगळं मला परवा माझ्या दुकानात सांगितलं ते एका परक्या माणसाने. तो चेहरा मी जन्मात पाहिलेला नव्हता. मी आधी हसलो, मग त्याला हाकलायलाच उठलो. तेव्हा तो म्हणाला, "पहिली नोकरी गेली तेव्हा तू महिनाभर डबा घेऊन बागेत जाऊन बसायचास. घरी कोणालाच कळू दिलं नाहीस."

हे फक्त दाजींना माहीत आहे.

मी परत खाली बसलो. त्याने पैसे मागितले नाहीत, जागा मागितली नाही. "पोर कशी आहे?" एवढंच विचारलं आणि रडत निघून गेला.

काल ताईकडे जेवायला गेलो. दाजी नेहमीसारखेच. तीच थट्टा, तोच आग्रह. चूळ भरून परत येताना उजवा पाय तसाच घासला. मी एका शब्दानेही काही बोललो नव्हतो. तरी ताई आत गेल्यावर ते माझ्याकडे वाकले.

"तो दुकानावर आला होता ना? पुन्हा आला तर सोडू नकोस."

भाची त्यांच्या मांडीवर झोपली होती. तिच्या मानेवर त्यांचा हात होता.

मी हो म्हणालो.