दुसरा बिल्ला

वजनमापं तपासणं हा त्याचा धंदा. कुठल्या दुकानदाराने पारड्याखाली मेण चिकटवलंय, हे त्याला नुसतं बघून कळायचं. बाजारात लोक तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की शिव्या घालत. पण हा लबाड आहे असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. तर असा हा गडी त्या दिवशी सकाळी डोंगरातल्या खालच्या निवाऱ्यात उभा होता, आणि वर्षभर पचवलेलं एक खोटं त्याच्या घशाशी आलं होतं.

इथला नियम सोपा. खालच्या निवाऱ्यातून निघताना रखवालदाराकडून पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, आणि दिवसभर चालून वरच्या निवाऱ्यात पोचलं की तिथल्या फळीवर आपल्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा. अंधार पडायच्या आत एखादा खिळा रिकामा दिसला, तर वरचा रखवालदार कंदील घेऊन शोधायला निघतो.

गेल्या वर्षी तो थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला घेऊन आला होता. भाऊजी म्हणजे विसरभोळेपणाचा कळस. डोक्यावर सरकवलेला चष्मा घरभर शोधतील! म्हणून दोघांचे बिल्ले यानेच खिशात ठेवले. शेवटच्या चढावर भाऊजींना धाप लागली.

"अरे, थांब रे जरा."

"या तुम्ही हळूहळू. मी शेगडीजवळच्या गाद्या धरतो," असं म्हणून हा पुढे सटकला. बिल्ला लावल्याशिवाय गादी मिळत नाही. याने दोन्ही लावले, गरम चहा घेतला, आणि जरा पाठ टेकतो म्हणता म्हणता डोळा लागला. फळी भरलेली, मग शोधायला जाणार कोण? सकाळी शेजारच्या गादीवरची पांघरुणाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. भाऊजी दोन दिवसांनी दरीत सापडले.

चौकशी झाली तेव्हा आपले हे साहेब म्हणाले, "पोचले होते ते. बिल्ला त्यांनीच लावला. नंतर बाहेर पडले असतील."

सगळ्यांनी मानलं. ताईनेही मानलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगायची, "पोचलेला माणूस पुन्हा धुक्यात जातो का हो? अक्कलच कमी त्यांना." नवऱ्याच्या वतीने तीच ओशाळायची, आणि हा समोर बसून मान हलवायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तोंडातून ब्र निघायचा नाही. तिच्या दारातून किती वेळा तो तसाच परतला होता. शेवटी त्याने ठरवलं, तीच वाट एकट्याने चालायची आणि वरच्या निवाऱ्यातल्या फोनवरून ताईला खरं सांगायचं. तिथे तरी पळायला जागा नसेल.

रखवालदाराने दोन बिल्ले पुढे सरकवले.

"मी एकटाच आहे."

"मग बाकावर बूट बांधतायत ते कोण?"

बाहेरचा बाक दवाने भिजला होता. त्यावर कोणी नव्हतं.

"गेले वाटतं पुढे," रखवालदार म्हणाला आणि एक बिल्ला मागे घेऊन खणात टाकला.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! असं स्वतःला बजावत तो निघाला. वाट झाडीतून वर जात होती. ओल्या लाकडाचा वास येत होता, आणि त्याचे बूट खडीवर करकरत होते. दुपारी धारेवर एक जोडपं उतरताना भेटलं. नवऱ्याने मान डोलावली. बायको मात्र थांबली.

"अहो, जरा हळू चाला की. मागचे दमलेत किती."

त्याने मागे पाहिलं. पांढरं धुकं, आणि त्यातून खाली गेलेली वाट. काहीतरी विचारायचं होतं, पण नवरा तिच्या दंडाला धरून तिला पुढे घेऊन गेला.

नंतर ते त्यालाही ऐकू येऊ लागलं. तो थांबला की बुटांची करकर थांबायची, पण एक पाऊल उशिरा. आधी तो म्हणाला, प्रतिध्वनी असेल. मग त्या पावलांना धाप लागली.

शेवटचा चढ आला. त्याचे पाय आपोआप भरभर पडू लागले. तेवढ्यात आपण काय करतोय हे कळून त्याला इतकी लाज वाटली, की तो मटकन दगडावर बसला.

मागे वळायचं धाडस झालं नाही. धाप हळूहळू शांत होईपर्यंत तो बसून राहिला.

"चला," तो म्हणाला, आणि सावकाश चढू लागला.

वरच्या निवाऱ्यात पोचला तेव्हा अजून उजेड होता. खिशात हात घातला, तर बिल्ले दोन निघाले. त्याने आपला तेवढा लावला आणि दुसरा टेबलावर ठेवला.

"हा ज्याचा तो लावेल," तो रखवालदाराला म्हणाला, आणि कोपऱ्यातला फोन उचलला.

"ताई, भाऊजी पोचलेच नव्हते गं. बिल्ला मी लावला. ते थांब म्हणाले आणि मी थांबलो नाही."

"वर्षभर मी त्यांना वेडं ठरवलं," ताई म्हणाली. "तुझ्यासमोर. तू ऐकत होतास."

"हो."

"फोन दे त्यांच्याकडे."

"कोणाकडे, ताई?"

"बाजूलाच आहेत ना तुझ्या. धाप ऐकू येतेय मला."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कुठल्या तोंडाने वळणार? न बघताच त्याने रिसीव्हर बाजूला धरला.

"अहो," ताईचा बारीक आवाज आला. "माझं चुकलं हो."

मग ती गप्प झाली. मग म्हणाली, "हं." थोड्या वेळाने पुन्हा, "हं."

हात अवघडला, तसा त्याने तो खाली घेतला. हात रिकामा होता.

रिसीव्हर पडल्याचा आवाज आला नाही. ताई बोलतच होती.