शून्य प्रलंबित

ही हकीकत मी गेल्या मार्चमधील शेवटच्या शनिवारी, रात्रीच्या जेवणानंतर, मित्राच्या मामांकडून ऐकली. मामा एका आरोग्य विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत. घटना त्यांच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याची. त्या सहकाऱ्याला सारे 'मास्तर' म्हणत.

मुदत उलटूनही किती दावे प्रलंबित आहेत, याचा अहवाल कंपनीला दर तिमाहीअखेर नियामकाकडे पाठवावा लागे. आकडा फुगला की दंड. त्यावर कार्यालयाने एक रीत काढली होती. शेवटच्या दिवशी रखडलेल्या दाव्यावर 'कागदपत्रे अपुरी' असा शेरा मारायचा. मग उशीर रुग्णाचा ठरे आणि दावा मोजणीतून सुटे. सकाळी शेरा काढायचा.

"म्हणजे परीक्षेआधी ढ पोरांची नावं पटावरून उडवायची," मित्र म्हणाला.

"अगदी. आणि आमचा अहवाल धुतल्या तांदळासारखा," मामा म्हणाले. हसले मात्र नाहीत.

एका वर्षी जूनच्या तीस तारखेला रात्री मास्तर एकटेच थांबले होते. एकच दावा उरला होता. एका वृद्धाची हृदयशस्त्रक्रिया मंजुरीवाचून अडली होती. कागद सगळे होते. वरिष्ठांची सही तेवढी नव्हती. मुलगी रोज फोन करी. सकाळी पहिले काम हेच, असे ठरवून मास्तरांनी शेरा मारला. तसा संदेश मुलीच्या फोनवर आपोआप गेला. अहवालही गेला. प्रलंबित: शून्य.

दिवे मालवून ते खाली आले. चौकशीच्या खिडकीपाशी, बाकावर, कोणीतरी बसले होते. अंगात रुग्णालयाचे कपडे. पाय अनवाणी.

"साहेब, कोणता कागद राहिला?"

मास्तर शेवटच्या पायरीवर थांबले.

"मुलगी म्हणते, सगळे दिलेत. राहिला असेल तर… सांगा. आणतो."

सांगण्यासारखा कागदच नव्हता.

"बरं… बसतो मग."

तो बसूनच राहिला. मास्तर उभेच राहिले. किती वेळ…

उजाडले तेव्हा बाक रिकामा होता. मास्तरांनी वर जाऊन शेरा काढला, सही मिळवली, रुग्णालयाला मंजुरी कळवली. रुग्ण रात्रीच गेला, असे तिकडून सांगण्यात आले. मास्तरांनी फोन ठेवला आणि पुढचा दावा उघडला.

खिडकीच्या आतल्या बाजूला, काच बंद असताना, त्या रुग्णाच्या नावाची मनगटपट्टी सापडली, असे मामा सांगतात. अशी पट्टी कापल्यावाचून हातातून निघत नाही. याची मी एका परिचारिकेकडून खात्री करून घेतली आहे. त्या तिमाहीचा अहवालही पाहिला. तेथे शून्यच आहे. पट्टी अखंड होती, असे मामांचे म्हणणे. तेवढे मला पडताळता आलेले नाही.