यीस्टच्या सवयीचं जनुक

प्रयोगशाळेच्या शीतकक्षात कुणी फिरकत नसे, म्हणून ती तिथे रडायला गेली. नेमका तेव्हाच वरच्या मजल्यावर संगणकावर बसणारा तो आपला जेवणाचा डबा ठेवायला आत आला.

"डबा ठेवायला बंदी आहे इथे," ती नाक पुसत म्हणाली.

"आणि रडायला?"

तिला हसू फुटलं, आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. समुद्रातल्या एका किड्याचं चमकणारं प्रथिन तिला जीवाणूंकडून बनवून घ्यायचं होतं. जीवाणू मात्र ढिम्म. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर सर काम बंद करणार, म्हणजे तिची नोकरीही गेलीच.

"किड्याचं जनुक जसंच्या तसं घातलंत?"

"मग काय, नटवून घालू?"

"नटवायलाच हवं! प्रथिनातल्या एकाच अमिनो आम्लासाठी जनुकात तीन अक्षरांचे बरेच संकेत चालतात. त्यातले कोणते जास्त वापरायचे, ही प्रत्येक जीवाची सवय... पिढ्यान् पिढ्या मुरलेली. किड्याचे लाडके संकेत वाचताना जीवाणू अडखळतो. मी ते बदलून देतो. प्रथिन तेच राहील."

तो संकेत बदलत असताना दोन दुपारी ती त्याच्यासमोर बसली. आईचा पाव दर वेळी कसा बसतो आणि बिचाऱ्या यीस्टला शिव्या कशा बसतात, हे तिने रंगवून सांगितलं. नवं जनुक तयार होऊन आलं. जीवाणू पुन्हा ढिम्म.

तो चेहरा पाडून खाली आला. "चूक माझी. जीवाणूऐवजी मी यीस्टच्या सवयींचा तक्ता लावला."

"असं कसं झालं?"

"तुम्ही यीस्टचं सांगत होतात... मी तुमच्याकडे बघत होतो."

"माझी नोकरी जातेय, आणि तुम्ही—" ती भडकली आणि मध्येच थांबली. "थांबा. यीस्टच्या सवयीचं आहे ना? मग यीस्टमध्येच घालू की!"

महिनाअखेरीला निळ्या दिव्याखाली चंचुपात्र हिरवंगार चमकलं. सर "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंही कुणी ऐकलं नव्हतं. काम चालू राहिलं.

शीतकक्षात तो पुन्हा डबा घेऊन हजर.

"सरांना चूक सांगितली मी."

"कारणही सांगितलंत?"

"नाही. ते तुम्हालाच सांगायचंय... मला तुम्ही फार आवडता."

त्या गारठ्यातही तिचे कान तापले. "मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "पण पुढच्या जनुकाच्या वेळी मी समोर बसणार नाही."

"मग?"

"शेजारी बसेन. तक्ता मी तपासणार."