सगळ्यांनी खाली बघा

प्रेमाची सुरुवात नजरेला नजर भिडण्यापासून होते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. ओरुरो शहराजवळच्या हवाई तळावर मात्र रोज सकाळी सगळ्यांनी खाली बघावं, असा हुकूम होता.

धावपट्टीवरचा एक खडा, एक स्क्रू इंजिनाने आत ओढला, की विमान पडायला तेवढं पुरतं. म्हणून उड्डाणांच्या आधी अख्खा तळ एका रांगेत, मान खाली घालून ती पट्टी वेचत चालायचा. पठारावरचा वारा कान कापायचा. अशाच एका सकाळी मेकॅनिक लिंबेर कोल्के एका वॉशरसाठी वाकला, आणि त्याच वॉशरसाठी शेजारून एक हातमोजा आला. डोकी आपटली.

"हा माझ्या पट्ट्यातला आहे, कोल्के," हातमोजा म्हणाला.

हातमोजा सार्जंट एलियाना कोंदार्कोचा होता. मालवाहू विमानातलं सामान बांधणं तिच्याकडे; दर उड्डाणाला ती आत असायची. त्या दिवसापासून लिंबेर तिच्या शेजारची जागा पटकावू लागला. ती कधी बुटाच्या टोकाने एखादा खडा त्याच्याकडे सरकवायची आणि म्हणायची, घे, तुझी पिशवी रिकामीच दिसतेय. सगळा हिवाळा तो तिच्या प्रेमात पडत होता, आणि सगळ्या हिवाळ्यात त्याने नीट पाहिले होते ते तिचे बूट. डाव्याची नाडी ती घोट्याभोवती गुंडाळायची. त्या नाडीपायी त्याला झोप लागत नसे.

तळावर अंगठी वर्ज्य होती. सुरक्षाप्रमुख सेवेरो यावर नव्या पोरांना भाषण देत नसत, नुसता डावा हात वर करत. त्यांचं एक बोट विमानाच्या दारात अडकून अंगठीसकट गेलं होतं. लिंबेरने म्हणूनच अंगठी बोटात घातली नव्हती, छातीच्या खिशात ठेवली होती. एलियाना उड्डाणावरून परतली, की विचारायचं ठरलं होतं.

त्या सकाळी तिच्या विमानाच्या चाकाखालचे ठोकळे काढून तो उठला आणि सवयीने खिसा चाचपला. बटण उघडं होतं, खिसा रिकामा.

पंखे फिरू लागले होते. बंद होत आलेल्या मागच्या दारातून एलियानाने त्याच्याकडे पाहून दोन बोटं हलवली... गप्प बसला असता, तर कुणालाच कळलं नसतं. बोलला, तर शिक्षा आणि तळभर हसं. लिंबेरने दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली. त्याचा अर्थ एकच — थांबा. पंखे मंदावले.

सेवेरो आले. काय हरवलं?

"अंगठी, साहेब."

"कोणाची?"

"अजून कोणाची नाही."

सेवेरोंनी धातू विचारला. सोन्याची, साहेब, बाजारातल्या सोनाराने आईची शपथ घेतली होती. म्हणजे लोखंड वेचायचा चुंबकाचा गाडा कामाचा नाही, सेवेरो म्हणाले, सोनं चुंबकाला चिकटत नाही. सगळ्यांनी चालायचं. स्वयंपाकीसुद्धा मक्याच्या गरम आपीचे पेले ठेवून रांगेत आले. बारीक गारा पडू लागल्या. लिंबेरच्या शेजारी ते बूट येऊन उभे राहिले.

"कुणासाठी होती?" एलियानाने विचारलं.

"खाली बघा, सार्जंटबाई."

"खालीच बघतेय. कुणासाठी?"

त्याने एक खडा उचलून पिशवीत टाकला.

"त्या विमानात तू होतीस," तो म्हणाला.

सार्जंटबाई हा शब्द मध्येच कुठेतरी गळून पडला होता. तो कुणी उचलला नाही.

"सापडली, तरी मला इथे घालता यायची नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"रविवारी घालीन."

"रविवारची सुट्टी कापतील माझी."

"मग त्यानंतरच्या रविवारी, कोल्के..." आणि तिने एक खडा त्याच्या बुटापाशी सरकवला.

पट्टीच्या टोकापर्यंत सगळे गेले, परत आले. अंगठी मिळाली नाही. मग नियमाचा भाग म्हणून सेवेरोंनी चुंबकाचा गाडा फिरवला. गाडा उलटा केला, तर चुंबकाला दोन खिळे, तारेचा एक तुकडा आणि अंगठी चिकटली होती.

ती सोडवायला पक्कड लागली.