कोरड्या तलावाचा फोटो

ए श्याम, ठेव तो मोबाईल खाली. लाइन गेली, डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाई, अन् हा पोट्टा माह्या तोंडाचा फोटो काढून त्याच्यावर नक्षी टाकून राह्यला! तू काय हसतं आचल, तू बी त्याच्यातलीच. बसा इकडं. मोहसीनची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तं उठून जाजा, मी काही धरून नाई ठेवत.

इथीच राजापेठेत, माह्या फ्रेमच्या दुकानाले लागून मोहसीनचा फोटो स्टुडिओ व्हता. साल दोन हजार सहा. पोरगा कामाले पक्का, पण हट्टी. त्या सालात लग्नाच्या अल्बमपेक्षा गेलेल्या माणसाचे फोटो मोठे करायचंच काम जास्त. खेड्यातून येत. तिशी-पस्तिशीचे गडी, कोणाच्या तरी वरातीतल्या फोटोतून कापलेले. तो मागं निळं आभाळ टाकून दे, मी फ्रेम करून दे. दोघाईले त्या कामाचा वीट आला व्हता, खरं सांगतो.

तेवढ्यात टेक्स्चरची फॅशन निघाली. म्हणजे काय, तं कॉम्प्युटरवर एका फोटोवर दुसरा फोटो पातळ करून पसरवायचा. जुन्या भिंतीचा, गोणपाटाचा, भेगा पडलेल्या जमिनीचा. चेहरा तोच, पण फोटो जुना अन् भारी दिसे. मोहसीन त्याच्यामागं येडा झाला. जिथी जाये तिथी भिंती अन् दगडाचे फोटो काढे.

मे महिन्यात तो मूर्तिजापूरले अल्बम द्यायले गेला. येतानी, बडनेरा यायच्या आधी, रस्त्याच्या बाजूले एक गावतलाव आहे. पार आटला व्हता. काळ्या गाळाले अशा भेगा, का हात आत जावा. मोहसीननं गाडी लावली अन् कॅमेरा काढला. पाळीवर गोदाबाई म्हणून एक म्हातारी बकऱ्या चारत व्हती.

"काय नेऊन राह्यला बापा?" तिनं इचारलं.

मंग तिनं गावची रीत सांगितली. उन्हाळ्यात लोक तलावातला गाळ वावरात नेतात, पण नेतानी तलावात ओंजळभर ज्वारी टाकतात. फुकट नाई न्यायचं. त्या तलावात बुडालेलं कोणी वर नाई आलं म्हणत. पाणी आटलं तरी हाड नाई सापडलं.

"आजी, मी माती कुठी नेऊन राह्यलो? फोटोच तं आहे."

"घेतलं ते घेतलंच ना लेका," म्हातारी म्हणे.

हा हसला अन् निंघून आला. आता सांगा, फोटो काढला तं तलावातलं काय कमी झालं? मले बी तवा तसंच वाटलं असतं.

आल्यावर त्यानं त्या भेगा पहिल्यांदा टाकल्या त्या आपल्याच पोरीच्या फोटोवर. कहकशाँ. तीन वर्साची, गालाले खळी, माह्या दुकानात येऊन काचेले नाक लावून उभी राहे. बापाचा जीव की प्राण. अन् तिथीच मोहसीन चुकला. लोडशेडिंगची वेळ झाली व्हती, कॉम्प्युटर जुना. लाइन जाईन म्हणून घाईघाईत त्यानं दोन्ही फोटो एकात एक करून जुन्याच्या जागेवर सेव्ह केले. फ्लॅटन म्हणतात त्याले. भाजीत मसाला गेला का मंग तो वेगळा काढता येत नाई, तसं. कॅमेऱ्यातलं कार्ड बी त्यानं दुसऱ्या ऑर्डरसाठी पुसून टाकलं. आता त्या भेगा फक्त पोरीच्या फोटोत व्हत्या.

मंग आली सहा जूनची रात्र. मंगळवार. मृग लागायले एक-दोन दिवस बाकी. दिवसा लाइन नसे, म्हणून आमी दोघं रातीच काम करो. मोहसीननं हाक मारली.

"काका, इकडं या बरं. हे पहा."

स्क्रीनवर कहकशाँचा फोटो. वरतं भेगा तशाच. पण खालतं... खालतं भेगा मिटल्या व्हत्या. काळं, चमकणारं काही तरी. पोरीच्या घोट्यापर्यंत.

"रंग बिघडला असन," मी म्हटलं.

आमी पाह्यतच राह्यलो. थोड्या वेळानं ते गुडघ्याले लागलं व्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्याची बायको, अफसाना. मले बाजूले उभं राहून आयकू आलं.

"जल्दी आओ... बच्ची के मुँह से पानी आ रहा है. सांस नहीं ले पा रही. उसने तो पानी पिया भी नहीं..."

मोहसीन पांढराफटक पडला. बोट डिलीटच्या बटनावर गेलं. मी त्याचा हात धरला.

"अबे, थांब! त्यात पोरगी बी आहे ना."

तवा त्याले म्हातारीचं बोलणं आठवलं. अफसानाले म्हणे, आटो कर, दवाखान्यात ने. मले म्हणे, काका, घरात ज्वारी आहे का? दुकानामागंच माहं घर, तिथून पिशवीभर देल्ली, अन् तो तलावाकडं गेला. पोरगी एकीकडं अन् बाप दुसरीकडं... काय वाटलं असन त्या माणसाले!

मी स्क्रीनसमोर बसलो. एकटा.

कंबर.

छाती.

पोरगी फोटोत हसूनच राह्यली व्हती.

गळा...

अन् लाइन गेली.

"मंग?" श्याम, तू नको बोलू मधात.

अंधार. काही दिसे ना. हनुवटीवर आलं का नाकावर, काय माहीत... मले रडू आलं. खरंच आलं.

फोन वाजला. मोहसीन व्हता.

"काका... टाकली ज्वारी."

"मंग?"

"पाण्यात पडल्यावानी आवाज आला, काका..."

"अन्?"

"तलाव कोरडा आहे."

मी तसाच अंधारात लाइनची वाट पाहत बसलो.

पहाटे लाइन आली. फोटोत पाणी नाई. भेगा बी नाई. साफ, पहिले व्हता तसा. अफसानाचा निरोप आला, पोरगी श्वास घेऊन राह्यली, झोपली. तलावावरून परतलेला मोहसीन दुकानाच्या पायरीवर बसून लहान लेकरावानी रडला.

कहकशाँ चांगली आहे. मोठी झाली, शिकली. आधार कार्ड काढायले मीच सोबत गेलतो, मोहसीन आजारी व्हता म्हणून. उन्हाळा. दुपारची वेळ. पोरगी घरून येणी घालून आलेली. आधार काढणाऱ्या पोऱ्यानं फोटो काढला अन् स्क्रीनकडंच पाहत राह्यला.

"बेटा," म्हणे, "केस पुसून ये. लय पाणी गळून राह्यलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोरडं.

त्यानं तीनदा काढला फोटो. तिन्हीत पाणी.