पाच हिसके

ती पायरीवर उकिडवी बसून पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवरचा आकडा वाचत होती, तेवढ्यात नेमक्या त्या आकड्यासमोर एक डोकं पाण्यातून वर आलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

डोक्यानं डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली. खाली दोन लालसर, हसरे डोळे. "हे बरंय. एवढ्या खोलातून आलो, आणि स्वागत काय तर... बाजूला व्हा."

"पाणी हललं की आकडा चुकतो. सात वर्षांत माझा आकडा चुकलेला नाही."

"मग लिहा ना. दोन सेंटीमीटर वाढ, कारण — मी."

"एवढे काही मोठे नाही आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि पाणी निवळेपर्यंत मान खाली घालून बसली. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून.

*सकाळी आठ. पातळी अठ्ठावीस मीटर चाळीस. शेरा: —*

वहीतला शेऱ्याचा रकाना सात वर्षं असाच आडव्या रेघेचा होता. लिहिण्यासारखं काही घडतच नसे. पाणी चढायचं, उतरायचं. ती रोज बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर येऊन ते मोजायची आणि शेवटची कोरडी पायरी कधी ओलांडायची नाही. लहानपणी एकदा विहिरीत पडली होती. आईनं वेणीला धरून ओढली, म्हणून वाचली. तेव्हापासून तिचा नि पाण्याचा व्यवहार लांबूनच. ज्याच्याकडे रोज बघायचं त्यालाच घाबरायचं... सवय होते त्याचीसुद्धा.

तो पाणबुड्या होता. बंधाऱ्याच्या तळाशी लोखंडी दार असतं, दाराच्या पलीकडे पाणी बाहेर नेणारा नळ. ते दार कुठंतरी गळत होतं. नळाच्या तोंडातून भिंतीपलीकडच्या चरात मनगटाएवढी धार दिवसरात्र पडायची. फट शोधून बुजवायला तो आला होता. सोबत त्याचा मामा. दोर धरणारा. आणि त्याच सकाळी मामाचा उजवा हात गाडीच्या दारात चेमटला.

"पोरी," मामा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून म्हणाला, "तुझं लक्ष चांगलं दिसतंय. दोर धरशील?"

"मी? मला पाण्याची भीती वाटते."

"उत्तम. न भिणाऱ्याच्या हातात मी दोर देत नाही."

शिकायला फार नव्हतं. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं तिच्या हातात. एक हिसका म्हणजे, मी आहे. दोन म्हणजे, दोर सोड. तीन, मी येतोय. चार म्हणजे, ओढ. आलेला इशारा जसाच्या तसा परत द्यायचा, म्हणजे समोरच्याला कळतं की पोचला. न कळणारा इशारा आला, तर वर ओढायचं आणि विचारायचं.

"आणि एक," मामा म्हणाला. "खाली अडकलाय असं वाटलं, तर डोकं वापरून ओढायचं. नुसती ताकद लावली तर माणूस अर्धाच वर येतो."

"मामा, घाबरवतोस कशाला तिला?"

"तुला घाबरवतोय."

तो गेला. बुडबुडे आले, मग तेही लांब सरकले. तिच्या तळहातात फक्त दोर. आणि मग — एक. किती हलका... माशानं चाखून बघावं तसा. तिनं एक परत दिला. खोल काळोख्या पाण्यातून कुणीतरी म्हणालं, मी आहे. तिनंही म्हटलं, मी आहे. सात वर्षांत पाण्यानं तिला पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं.

पुढं अर्धा तास एकच एक. आणि मग अचानक — एक, दोन, तीन, चार, पाच.

पाच?

तिनं ओढला. मामाही डाव्या हातानं लागला. तो वर आला तोंडातली नळी काढत, धापा टाकत. "अहो काय, कशाला ओढलंत?"

"पाच म्हणजे काय?"

पायरीवर कोपर टेकून तो पाण्याकडं बघत राहिला.

"खाली ना..." तो म्हणाला, "जेलीफिश आहेत. गोड्या पाण्यात. नखाएवढ्या. काचेच्या छत्र्या असतात ना... असतील का तशा? नसतातच. हजारो आहेत. मिटतात, उघडतात, मिटतात... आवाज नाही कसला. मला राहवलं नाही. कुणालातरी सांगायचं होतं, आणि दोरावर तुम्ही होता."

"म्हणजे पाच म्हणजे...?"

"सुंदर."

मामा कडाडला. "चारच इशारे ठेवलेत, ते ठेवणारे वेडे नव्हते. दोर काय गप्पा मारायला असतो?"

पण संध्याकाळच्या नोंदीपुढं आडवी रेघ मारताना तिचा हात जरा अडला.

*सकाळी आठ. पातळी अठ्ठावीस मीटर छत्तीस. शेरा: पाण्यात छत्र्या आहेत. (पाहिल्या नाहीत.)*

दुसऱ्या दिवशी पाच दोनदा आले. तिनं दोन्ही वेळा पाच परत दिले, मामाची पाठ वळलेली असताना.

"बघायला या ना खाली," तो वर आल्यावर म्हणाला.

"तू मला सांग. मी ऐकते."

तू. निघून गेलं तोंडातून. दोघांनीही ते ऐकलं, आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी फट सापडायलाच हवी होती. भिंतीपलीकडं नळाचं तोंड उघडझाप करणारी खालची चक्री त्यानं उघडीच ठेवायला सांगितली. धार चालू राहिली तरच पाणी कुठून खेचलं जातंय ते कळणार होतं. मामा कुरकुरला. तो हसून उतरला. टाकीत चाळीस मिनिटांची हवा.

तेविसाव्या मिनिटाला पाच आले. सावकाश, लांबवलेले. तिनं डोळे मिटून पाच परत दिले. काय बघत असेल तो...

तो बघत होता ते असं. छत्र्या आज तरंगत नव्हत्या, चालल्या होत्या. एकामागून एक, बारीक चमकत्या ओळीत, दाराच्या उजव्या कोपऱ्याकडं. सगळं पाणी जणू दोऱ्यात ओवलं होतं. तो भान हरपून त्या ओळीच्या मागं गेला, आणि ओळ जिथं संपत होती तिथं त्यानं हात नेला.

वर, तिच्या कानांना काहीतरी खटकलं. काय, ते आधी कळेना. मग कळलं. भिंतीपलीकडची धार. सात वर्षं जो आवाज रोज ऐकला, तो बारीक झाला होता. जवळजवळ थांबलाच होता.

आणि दोरावर — चार.

"चार!" मामा उठला. "ओढ!"

"नाही."

"अगं चार दिलेत त्यानं —"

"मामा, धार थांबलीय. फटीत त्याचा हात गेलाय. नळ रिकामा आहे, अख्खा तलाव त्याला आत दाबतोय. ओढलं तर..." तिनं वाक्य पूर्ण केलं नाही. दार उचलायच्या आधी दरवर्षी काय करतात ते तिनं पाहिलं होतं. खालची चक्री बंद, आणि तलावाचं पाणी नळात सोडणारी बाजूची छोटी उघडी. नळ आतून भरला की दोन्हीकडचा दाब सारखा, आणि दार सुटतं. दार सुटतं तर हातही सुटेल.

तिनं दोरावर एक दिला. फक्त एक. मग दोर मामाच्या डाव्या हातात ठेवला. "ओढू नका. थोड्या थोड्या वेळानं एक देत राहा. एकच."

भिंतीपलीकडच्या चाळीस पायऱ्या ती कशी उतरली, तिला आठवत नाही. मोठी चक्री फिरवताना हाताची साल निघाली. छोटी गंजलेली होती. ती तिनं अंगाचं सगळं वजन टाकून हलवली. आत, लोखंडाच्या पोटात, पाणी शिरू लागलं. गुरगुर आधी खोल होती, मग वर चढत आली. नळावर कपाळ टेकून ती ऐकत उभी राहिली. ज्याला आयुष्यभर भ्याली त्याच पाण्याला म्हणाली, भर. लवकर भर.

गुरगुर थांबली. सगळं शांत.

ती वर धावली. मामा पायरीवर गुडघे टेकून बसला होता, डोळे वाहत होते, आणि बोटं मोजत होती.

"तीन," मामा म्हणाला. "तीन दिलेत. येतोय."

टाकीत चार मिनिटांची हवा उरली होती. डावा हात कोपरापर्यंत काळानिळा, पण हाताला जोडलेला. पायरीवर उताणा पडून तो बराच वेळ नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, "चार मागितले, आला एक. म्हटलं, हिला कळलंय. मग ओढाताण सोडून दिली. एक मोजत बसलो."

"पुन्हा पाच दिलेस तर मीच बुडवीन तुला," मामा म्हणाला, आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

*संध्याकाळ. पातळी: वाचायची राहिली. शेरा: फट सापडली.*

चार दिवसांनी फट बुजली. दुसऱ्या पाणबुड्यानं येऊन बुजवली. याचा हात गळ्यात अडकवलेला. सामान गाडीत चढलं. ती पायऱ्यांवर आली, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबली नाही.

"काच दे तुझी," ती म्हणाली. "दोर बांध."

त्यानं एका हातानं गाठ मारायचा प्रयत्न केला. शेवटी तिनंच मारली. दोघांची बोटं गाठीत अडखळली, आणि कुणालाच घाई नव्हती. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, मोठा श्वास घेऊन, तिनं तोंड पाण्यात घातलं.

हिरवा उजेड. खाली, खाली, संपतच नाही असा. आणि त्यात — त्या. पार तिच्या चेहऱ्यापर्यंत आलेल्या. एक तर गालाजवळून मिटत, उघडत गेली, तिच्या आरपार दुसरी दिसत होती आणि तिच्या आरपार तिसरी. हाड नाही, डोळा नाही, कसली भीती नाही. सात वर्षं या सगळ्यावर ती आकडे लिहीत होती. अठ्ठावीस मीटर अमुक. कशाचे...

तिनं पाच दिले. पाच परत आले. मग तिनं सहा दिले.

लगेच ओढली गेली. "काय झालं? सहा म्हणजे काय?"

केसांतून पाणी निथळत होतं. "न कळणारा इशारा आला तर काय करायचं असतं?"

"वर ओढायचं... आणि विचारायचं."

"मग विचार की."

मामा गाडीशी गेला आणि टायर तपासू लागला. चारही टायर, एकेक करून.

त्यानं विचारलं. सहाचं नाही, दोघांचं. हळू आवाजात, दोनदा थांबून, आणि शेवटचे शब्द तर पाण्याकडं बघूनच. दोर अजून तिच्या कमरेला होता, दुसरं टोक त्याच्या मुठीत. उत्तरादाखल तिनं दोराला हात लावला.

एक.

आलेला इशारा जसाच्या तसा परत द्यायचा असतो. त्यानं दिला.