सगळ्या चाव्या मुक्या झाल्या!

"उघड की गं बाई!" उर्मिलाकाकूंनी रिमोट उंच धरला, गाडीच्या काचेला टेकवला, शेवटी झटकलासुद्धा. गाडी ढिम्म! वैतागून त्यांनी चावीने दार उघडलं मात्र, भोंगा असा किंचाळला की सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली.

"कालच नवा सेल घातलाय हो!" काकू कानांवर हात ठेवून ओरडल्या.

"आमचापण तसाच झालाय," खाली साहिलबरोबर खेळणारी हेमाली म्हणाली. "पप्पा रोज रिमोटला ओरडतात!"

पहिल्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी काशीनाथ सावंत गरजले, "माझी गाडी बघा! बटण दाबावंसुद्धा लागत नाही, आपोआप उघडी असते! मग तुमच्याच का बिघडल्या? ही पोरं गाड्यांभोवती खेळतात ना, त्यांचेच उद्योग! आजपासून पार्किंगमध्ये खेळ बंद! आणि ती नवी मुलगी तर दिवसभर गाड्यांपाशीच बसलेली असते!"

हेमाली आणि साहिल, दोघांनीही वळून पायरीवर बसलेल्या स्वातीकडे पाहिलं. ती उठून जिना चढून गेली. तिला सांगायचं होतं, की त्या पायरीवर बसलं की कुणाचं तरी बोलणं ऐकू येतं, एवढंच. पण ते सांगणार कुणाला?

परीक्षा संपताच स्वाती आणि तिची आई गोडदेवच्या चाळीतून सिल्व्हर पार्कच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या होत्या. बाबा नोकरीसाठी मस्कतला. आई भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. सकाळी गेली की दिवेलागणीलाच परतायची. गोडदेवला कुणाचं दार बंद नसायचं. इथे कुणाचं उघडं नसायचं. जुन्या मैत्रिणीला, सुलूला फोन केला, तर ती रत्नागिरीला गेलेली. कधी कधी दुपारी स्वाती उगाच मोठ्याने बोलून बघायची, आपला आवाज शाबूत आहे ना म्हणून.

त्या दुपारीही तिने घरात आवाज हवा म्हणून टीव्ही लावला. रडू आवरत कोकम सरबत प्यायला गेली आणि ग्लास कलंडला तो थेट रिमोटवर! झालं! चॅनल आपोआप पळायला लागले. आवाज कमी होईना, टीव्ही बंद होईना.

"एक बटण चिकटलंय," ती स्वतःशीच बोलली. "ते सारखं बडबडतंय, म्हणून दुसऱ्या कुठल्याच बटणाचं चालत नाहीये."

तिने नाण्याने रिमोटची फट उचकटली, आतलं रबर धुऊन वाळवलं, सर्किटची पट्टी कापसाने पुसली. टीव्ही गुमान ऐकायला लागला. आणि स्वाती एकदम ताठ उठून बसली.

आपोआप उघडी असते! असंच म्हणाले होते ना सावंतकाका?

साहिलच्या दारापर्यंत जाऊन ती दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा तिने बेल दाबली. आत साहिल आणि हेमाली कॅरम खेळत होते.

"काय?" साहिलने तुटकपणे विचारलं.

"गाड्या मी नाही बिघडवल्या," स्वाती भराभर म्हणाली. "पण कशानं बिघडल्यात ते कळलंय. सावंतकाकांच्या रिमोटचं बटण दाबलेलंच राहिलंय! तो सारखा 'उघड, उघड' ओरडतोय. त्या गोंगाटात बाकीच्या गाड्यांना आपापल्या रिमोटचं ऐकूच येत नाहीये!"

"अय्या! त्यांचा रिमोट फुटला होता," हेमाली ओरडली. "करकचून चिकटपट्टी गुंडाळलीय त्यांनी! 'घरीच दुरुस्त केला' म्हणून सगळ्यांना दाखवत फिरत होते!"

"पुरावा काय?" साहिल म्हणाला, पण सोंगट्या त्याने बाजूला सारल्या होत्या.

संध्याकाळी सावंतकाका गाडी घेऊन बाजारात गेले. हेमालीने पप्पांचा रिमोट दाबला. पीप पीप! काका परत आले. हेमालीने पुन्हा दाबला. चिडीचूप!

"पकडला!" साहिलने टाळी दिली. स्वातीलासुद्धा! "पण काका आपलं ऐकणारेत थोडेच?"

दुसऱ्याच सकाळी खाली आरडाओरडा झाला. राई गावाहून राहायला आलेले उर्मिलाकाकूंचे सासरे, बाळाराम आजोबा, खुर्चीवर बसून धापा टाकत होते. दमा उसळला होता. गाडीचा भोंगा किंचाळत होता, आणि तो बंद झाल्याशिवाय गाडी सुरूच होत नव्हती. वॉचमन रिक्षा शोधायला धावला, पण रस्त्यावर एकही दिसेना.

"साहिल, काकांना चावीसकट खाली आण! काहीही सांग!" स्वाती ओरडली.

साहिलने तोंडाला हात लावून हाळी दिली, "सावंतकाका! तुमच्या उघड्या गाडीत कुत्रा शिरलाय! सीट फाडतोय!"

काका बनियनवरच धावत आले. हातात चावी, चावीला तो पट्ट्या गुंडाळलेला रिमोट! स्वातीने त्यांना विचारलंच नाही. रिमोट ओढला, नखाने चिकटपट्टी टराटरा सोलली आणि फुटक्या खोक्यातून सेल बाहेर काढला.

"ए पोरी, काय करतेस!"

"काकू, आता दाबा!"

पीप पीप! भोंगा गप्प झाला. गाडी सुरू झाली. आजोबांना घेऊन काकू निघूनही गेल्या. सावंतकाका मात्र स्वातीच्या हातातल्या फुटक्या रिमोटकडे बघत राहिले.

"म्हणजे... माझ्यामुळे?" ते हळूच म्हणाले. "आणि मी पोरांना बोललो! शाब्बास गं, स्वाती. करशील हा नीट?"

स्वातीच्या घरी टेबलाभोवती तिघं बसली. तिने रबर पुसलं, दबलेलं बटण मोकळं केलं, खोक्याच्या फक्त कडेला पट्टी लावली. साहिल टॉर्च धरून होता, हेमाली न विचारता सूचना करत होती. किती दिवसांनी त्या घरात हसणं घुमलं! पण जाताना हेमाली म्हणाली, "रात्री आम्ही भावनगरला चाललोय." साहिल सकाळी चिपळूणला निघणार होता.

"जूनमध्ये भेटू हां!" दोघं ओरडत जिना उतरली. स्वातीने दार लावलं. आत पुन्हा तीच शांतता.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात उर्मिलाकाकू आणि त्यांचा हात धरून बाळाराम आजोबा!

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत," काकूंनी स्वातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पोरी, डोकं तुजं लय भारी हाय!" आजोबा म्हणाले. "पन दिसभर एकली बसतंस, ता बरा न्हाय. मीपन वरती एकलाच असतंय. ही जाते कामाला. माजा रेडिओ खरखरतंय. बगशील?"

"बघते की!" स्वाती म्हणाली. तिने चपला पायात सरकवल्या आणि आजोबांच्या चालीने, सावकाश, एकेक पायरी चढायला लागली.